ट्रास्कच्या पलंगाचा परवलीचा शब्द

"माझा ओकचा पलंग चोरणारा या बॉस्टनमध्ये अजून जन्माला यायचाय!" हेझकाया ट्रास्क सभेत छाती काढून म्हणाला.

सभा आग-मंडळाची. प्रत्येक शेजाऱ्याकडे कातडी बादल्या, पोती आणि पलंगाचे भाग सुटे करायची किल्ली. कुणाचं घर पेटलं की बाकीच्यांनी धावायचं, सामान बाहेर काढायचं. पण गर्दीत चोरही घुसतात. म्हणून परवलीचा शब्द. तो सांगेल तोच आत!

जुना शब्द फुटलाय, असा हेझकायाला दाट संशय. केसांचे टोप विणणारा सायलस पेक हल्ली भेटला की विचारतो, "झोप लागते ना?" म्हणजे डोळा पलंगावरच! हेझकायाने नवा शब्द एकेकाच्या कानात सांगितला. इतका हळू, की कानालाही पत्ता लागू नये.

मंगळवारी भर दुपारी त्याचंच धुराडं पेटलं.

आता धुरात काही दिसत नाही. नुसतं ऐका.

ट्रास्क (दारात आडवा): शब्द?

पेक: सापळा!

ट्रास्क: कुणासाठी? माझ्यासाठी? हो मागे!

लेम्युएल सुतार: मोकळा!

ट्रास्क: तूही सामील?

बायको पेशन्स (आतून): अहो, घर जळतंय!

ट्रास्क: जळू दे, लुटलं तर जात नाही!

पेक: अरे, तूच कानात असं पुटपुटलास!

ट्रास्क (बोंबलून): सापळा नाही रे बहिऱ्या! भोपळा! भो-प-ळा!

(अख्खी गल्ली ऐकते. बंदरातली जहाजंसुद्धा.)

पेक: बरं, भोपळा.

ट्रास्क: मी सांगितल्यावर? लबाडा!

एवढ्यात एक अनोळखी गृहस्थ पुढे झाला, अदबीने वाकला आणि कुजबुजला, "भोपळा."

हेझकायाचे डोळे भरून आले. गावात एक तरी प्रामाणिक माणूस! त्याने स्वतःच्या हाताने किल्ली दिली, मागचं दार उघडलं, पलंग गाडीवर चढवायला खांदाही दिला. मग पेकवर नजर ठेवायला पुन्हा पुढच्या दारी!

आग पेशन्सनेच विझवली, धुण्याच्या पाण्याने. मग बादली आपटून तिने विचारलं, "पलंग कुठे नेला हो त्यांनी?"

"सुरक्षित जागी."

"कुठल्या?"

 हेझकाया गाडीच्या शोधात बंदराकडे धावत सुटला.

परतला तेव्हा त्याच्याच दारात पेक आडवा उभा होता.

"काय हाती लागलं, ट्रास्कभाऊ?"

"भोपळा!"

"शब्द बरोबर आहे," पेक बाजूला सरकला. "या आत."