तारेखालचे सहा दात

सोमवारी लेकीच्या, कोमांगच्या, दातांना तारा बसल्या आणि गुरुवारी त्याच दातांवर कानस फिरवायचा मुहूर्त निघाला. तिचा बाप मादे भावकीच्या बैठकीहून आला आणि पायरीवरच बायकोला म्हणाला, "बाबांना तात्पुरतं पुरलंय, त्यांच्या दहनासोबतच भावकीतल्या सगळ्या पोरांचे दात उरकायचे ठरलेत. अकरा दिवसांनी."

सुकेर्तीच्या हातातली नैवेद्याची फुलं हातातच राहिली. वरच्या सहा दातांवर कानस फिरवून काम-क्रोधादी सहा शत्रूंना नरम करणं हे आईबापाचं देणं. ते न फेडता सतरा वर्षांची पोर उद्या सासरी गेली, तर पितरांना काय तोंड दाखवायचं? आणि नेमक्या त्याच सहा दातांवर धातूच्या खुंट्या चिकटलेल्या.

"पुढच्या वेळी करू या का?" तिने विचारलं.

"पुढची वेळ पाच वर्षांनी."

त्या खुंट्यांसाठी तिने वर्षभर पायपीट केली होती. एका डॉक्टरने "दात तर सुरेख आहेत" म्हणून परत पाठवलं. बाजारातली सलूनवाली तासाभरात रंगीत तारा चिकटवून देणार होती, वर नखंही रंगवून देते म्हणाली. शेवटी देनपसार शहरातल्या डॉक्टर रिनींनी एक्स-रे उजेडात धरला. "दात वाकडे नाहीत हो. डब्याचं झाकण डब्याच्या आत गेलंय. वरचे दात खालच्यांच्या बाहेर यायला हवेत. दोन वर्षं लागतील."

त्यांनाच आता फोन.

"डॉक्टर, वरच्या सहा खुंट्या एका दिवसापुरत्या काढता येतील? कानस फिरवायचीय."

"ताई, वरचे दात आखूड केले तर झाकण बसायचं कशावर?"

"अगदी थोडेच घासतात. फक्त दाढांमध्ये उसाचं कांडं धरावं लागतं."

"ऊस," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "मी तिला मक्याचं कणीससुद्धा बंद केलंय."

थोरले दीर म्हणाले, "षड्रिपू आधीचे की डॉक्टर?"

एरवी सुकेर्ती मान खाली घालून ऐकणारी. त्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर कानस फिरून चाळीस वर्षं झाली. मागच्या सणाला डुकराची अख्खी तंगडी कुणी घरी नेली?"

मग ती मादेला बोलली. तो उशी घेऊन ओसरीवर झोपायला गेला. जावेच्या पोरीचे सरळ दात पाहून ती जावेलाही बोलली. रोजचा नैवेद्य चुकला नाही, पण ठेवतानाही तोंड चालूच असायचं. डॉक्टरांनी शेवटी फक्त तार काढून दिली. "खुंट्यांना हात लावायचा नाही," असं बजावून.

मुहूर्ताला कोमांग पिवळ्या कापडात आडवी झाली. कानस धरणारे म्हातारे पुजारी तिच्या तोंडात वाकले, आणि तसेच राहिले. भोवतीचे नातेवाईकही वाकले. सुकेर्तीला वाटलं, आता हे उठणार आणि सगळं संपणार.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

तिने रडत सांगितलं.

"पोरगी खाते काय?"

"पातळ भात. मांस चावत नाही."

"उलट बोलते?"

"गाल आतून सोललेत. बोलेल कशाने?"

"आरशात बघते?"

"टाळते."

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. "मग माझं निम्मं काम झालंय." आणि खुंट्यांच्या खाली, दातांच्या कडांना त्यांनी कानस तीनदा हलकेच टेकवली. झालं. देणं फिटलं. सुकेर्ती डोळे पुसू लागली.

पुजाऱ्यांनी मात्र कानस ठेवली नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"तुझ्या दातांवर कुणी फिरवली होती गं?"

"तुम्हीच की, आजोबा. वीस वर्षं झाली."

"हं. भावकीत ऐकलं मी अकरा दिवस. क्रोधाचा दात माझ्या हातून जरा राहिलेला दिसतो." त्यांनी कोमांगला उठवलं आणि उशी थोपटली. "ये, पड."

सुकेर्तीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मादे लगबगीने ऊस शोधायला निघाला होता.