मोचिकोच्या पोटातले तांदूळ

फुमिएच्या तांदळाच्या डब्यात पोरकिडे निघाले. एक-दोन नव्हे, चांगली वरात होती. डबा नवा, तांदूळ नवे, झाकण घट्ट. मग ही मंडळी आली कुठून, म्हणून ती चष्मा चढवून त्यांच्या मागावर निघाली. रांग ओट्यावरून उतरून, भिंतीच्या कडेकडेने, जिन्याखालच्या कपाटात शिरत होती. त्या कपाटाला हात लावायची नवऱ्याची सक्त मनाई होती, कारण आत मोचिको राहत होती.

मोचिको म्हणजे सशाच्या आकाराची कापडी बाहुली. फुमिएचा नवरा शिगेओ तोगावा क्योतोच्या एका स्टुडिओत सामानाच्या खात्यात होता. पडद्यावर दिसणारी किटली, तलवार, क्वचित एखादं मुंडकं, सगळं पुरवायचं काम त्याचं. बारा वर्षांपूर्वी एका भुताच्या सिनेमासाठी त्याला बाहुली हवी होती. सिनेमातला खेळ असा: बाहुलीचं पोट फाडून तांदूळ भरायचे, लाल दोऱ्याने शिवायचं, तिला नाव द्यायचं, न्हाणीच्या टबात बुडवायचं आणि आपण लपायचं. मग भूत तिच्यात शिरून शोधायला निघतं. त्याने गाठायच्या आत तीनदा ‘मी जिंकलो’ म्हणायचं आणि बाहुली जाळायची, की खेळ संपला. सिनेमात कुणालाच एवढी सवड मिळाली नाही. प्रेक्षक मात्र तुडुंब आले.

दुकानातून आणलेली बाहुली फारच गोंडस निघाली होती, म्हणून शिगेओने घरचीच उचलली. फुमिएने जुन्या युकाताच्या, म्हणजे सुती किमोनोच्या, कापडाची शिवलेली, मुलीच्या म्हणजे कोनात्सुच्या उशाशी असायची ती. “दोन दिवसांत आणून देतो,” असं चौदा वर्षांच्या पोरीला सांगून त्याने ती नेली, पोट फाडलं, गालावर चटका दिला. नवं नाव कुठे शोधत बसा, म्हणून नावही तेच ठेवलं. पुढे सिनेमा गाजला, बाहुली कुणाची हे वर्गात कळलं, आणि कोनात्सुने आत पाऊल टाकलं, की पोरं “मोचिको आली!” म्हणून बाकाखाली लपायला लागली. बाहुली घरी परत आली, पण उशाशी नाही, कपाटात. भाग दोन निघाला तर लागेल, म्हणून. कोनात्सुने दोनदा मागितली, मग मागायचीच थांबली, आणि यथावकाश लग्न करून आपल्या घरी गेली.

शनिवारी दुपारी शिगेओ घरात शिरला तो बूटसुद्धा सरळ न लावता.

“अगं, भाग दोन! सोमवारपासून शूटिंग! आणि ऐक, इकुशिमासाहेब म्हणाले, या वेळी पडद्यावर नाव माझं एकट्याचं. तीस वर्षं शेवटच्या नावांच्या गर्दीत स्वतःचं नाव शोधतोय मी. दिसेपर्यंत दिवे लागतात.”

फुमिए चहा ओतत राहिली. कप भरला तरी ओतत राहिली.

“काढ तिला बाहेर.”

“अहो, तिच्यात पोरकिडे झाले होते.”

“होते म्हणजे?”

“तांदूळ काढून टाकले, तिला धुतलं आणि सकाळी देवळात देऊन आले. बाहुल्यांचं श्राद्ध होतं आज.”

“देवळात? कचऱ्यात टाकली असतीस तर उकरून तरी काढली असती!”

“डोळे असलेली वस्तू कचऱ्यात टाकतं का कुणी? आणि टाकायची कुठल्या कचऱ्यात, जळणाऱ्या की न जळणाऱ्या?”

“तिथे जाळतात ना गं!”

“खेळाचा नियमच आहे ना जाळायचा? पहिल्या भागात जाळली असती तर दुसऱ्याची वेळच आली नसती.”

शिगेओने पुन्हा बूट चढवले. त्याने सायकल काढली.

देवळाच्या चढावर अर्ध्यात पोचला तोच दिग्दर्शक इकुशिमाचा फोन आला. “तोगावा, बाहुलीचा फोटो पाठवा. जाहिरातीसाठी लोक मागे लागलेत.”

“साहेब, ती कपाटात नाहीये.”

“बंद कपाटातून? वा! मग हरवली म्हणू नका. गेली म्हणा!” आणि फोन बंद.

शिगेओ देवळाच्या पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत ‘गेली’ हा शब्द सगळ्या स्टुडिओत पोचला होता. ड्रायव्हरने भूतबाधा नको म्हणून गाडीत मीठ टाकलं होतं आणि नायिकेने बॅग भरायला घेतली होती. इकुशिमाचा पुन्हा फोन.

“तोगावा, गंमत पुरे. ती पोरगी म्हणते, बाहुली समोर दिसल्याशिवाय मी टबात उतरत नाही. बाहुली नाही तर शूटिंग नाही. मग तुमचं नाव काय त्या कपाटाच्या दारावर लावू?”

अंगणात राखेचा ढीग अजून धुमसत होता. पुजारीबुवा दोएन झाडू घेऊन उभे होते.

“बुवा, एक ससा होता. लाल दोऱ्याची शिवण.”

“नाव काढू नका!” बुवा झाडूसकट मागे सरले. “बायकोने हट्टाने दाखवला होता तो सिनेमा. तेव्हापासून न्हाणीचं दार उघडं टाकून अंघोळ करतो मी. या वयात!”

“जाळलात?”

“जाळणारच होतो. तेवढ्यात एक बाई आली, कडेवर पोर. म्हणाली, आईचा फोन आला, मोचिको माझी आहे. देऊन टाकली. खरं सांगू, सुटलो.”

कोनात्सुचं घर नदीपलीकडे होतं. नातू झाला तेव्हा शिगेओ एकदा तिथे गेला होता, तेही कामाच्या मधल्या सुट्टीत, बूट न काढता दारातूनच. आता दार उघडल्यावर त्याने बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि आत डोकावला. साऱ्या जपानची झोप उडवणारी मोचिको चटईवर आडवी झाली होती आणि नातू रित्सु तिचा भाजका गाल चोखत होता. पोटावर लाल दोरा नव्हता. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके होते, आत कापूस.

“दोन दिवस म्हणाला होतात, बाबा,” कोनात्सु म्हणाली.

“हो.”

“न्यायला आलात ना? न्या. पण त्याच्या हातातून तुम्हीच काढून घ्या. मी मध्ये पडणार नाही.”

शिगेओ गुडघ्यांवर बसला. एक कान धरून त्याने हलकेच ओढला. रित्सुला वाटलं, आजोबा खेळतायत. तो खिदळला आणि त्याने दुसरा कान ओढला. नवे टाके ताणले गेले. बाहुली नेली त्या दिवशी कोनात्सुने असं ओढलं नव्हतं, हे शिगेओला आठवलं. तिने दोन्ही हातांनी आणून दिली होती. आणि आपण तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बाहुलीचा झिजलेला गाल पडद्यावर किती छान दिसेल, एवढंच पाहत होतो. त्याला फार वाईट वाटलं. बारा वर्षं उशिरा, पण वाटलं.

फोन वाजला. “मिळाली का?”

शिगेओने कान सोडला. “नाही, साहेब. जाळली. राख पाहून आलो.”

“म्हणजे खेळ संपला?”

“संपला, साहेब.”

“मग तुमच्या नावाचं...”

“समजलो, साहेब.”

त्याने फोन खिशात ठेवला, दोन्ही हात चटईवर टेकले आणि बाहुलीसमोर डोकं वाकवलं.

“मी हरलो. मी हरलो. मी हरलो.”

“चुकलं,” कोनात्सु म्हणाली. “जिंकलो म्हणायचं असतं. असा खेळ संपत नाही.”

“मग आता?”

“पुढच्या शनिवारी या आणि नीट म्हणा. तेव्हाही चुकलात तर त्याच्या पुढच्या शनिवारी.”

ती चहा टाकायला आत गेली. तीस वर्षांत कुठल्याही सिनेमाच्या नियमात शिगेओची कधी चूक झाली नव्हती. हे वाक्य मात्र आता तो कधीच बरोबर म्हणणार नव्हता.