भांडत पळणारी प्राजक्ता

आमच्या मजल्यावरची प्राजक्ता डोंगरावर पळताना मोठ्यांदा भांडते. सोबत कुणी असायलाच हवं असं नाही.

ही सवय लागली ती गरोदरपणात. त्याआधी ती नुसती पळायची. चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी भामचंद्राचा डोंगर, दगडधोंड्यांच्या पायवाटेनं धावत वर आणि धावत खाली. दिवस राहिल्याचं कळल्यावर तिनं डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो बाळाबद्दल नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं पळतेस, सगळं ठीक आहे, तर पळ. पण पळताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. आणि एकटीनं जायचं नाही."

दुसऱ्या अटीसाठी माझी नेमणूक झाली. प्राजक्ताची सुट्टी गुरुवारी, तिच्या नवऱ्याची, निलेशची, रविवारी. मी शाळेतून निवृत्त, शिवाय माझ्याकडे जुनी का होईना गाडी. संत तुकाराम नगरातून निघून ट्रकांच्या रांगेतून तिला पायथ्याशी न्यायचं, झाडाखाली बसायचं आणि वरून आवाज येतोय ना याकडे कान ठेवायचा.

पहिले काही गुरुवार ती पाढे म्हणायची. पण सतराच्या पाढ्याला अडखळली की ते दमामुळे का गणितामुळे, हे ठरेना. मग तिनं भांडणं घेतली. कधी सुपरवायझरशी, कधी पार्किंगवरून सोसायटीच्या चेअरमनशी. समोरच्याची बाजूही तीच मांडायची आणि हाणून पाडायची. "काकू, भांडताना मला शब्द कमी पडत नाहीत," ती म्हणाली. "पडले, तर खरंच दम लागला समजा."

आंबाजोगाईची पोर. मी काळजीनं "अगं जपून" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी पळायले काकू, पडायले नाही."

एकदा शेळ्या घेऊन आलेल्या म्हातारीनं तिला अडवलं. "व्हय गं, पोटुशी हाय आन् डोंगर चढती?"

"तुम्ही नाही चढलात का मावशी?"

"आमी चढायचो. पर मोळी आनाया."

"मी रिकामी चढायले. एवढाच फरक."

म्हातारीनं यावर बराच विचार केला आणि शेळ्या वळवल्या.

शेवटी शेवटी पळणं सुटलं, चालणं आलं. भांडणं चालूच होती. मग मुलगी झाली. बाळंतपण नीट पार पडलं, डॉक्टरांनी पुढं यथावकाश पळायलाही परवानगी दिली. पण गुरुवारमागून गुरुवार गेले, प्राजक्ता काही निघेना. कधी ऊन फार, कधी बाळाची लस, कधी बूट घट्ट. सोसायटीतल्या बायका समाधानानं म्हणाल्या, "आता आई झाली, सुधारली."

मला ते पटेना. ही मुलगी चेअरमनसमोरूनसुद्धा गप्प जायला लागली होती.

एका दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन ती आली आणि आत येताच माझं दार लावून घेतलं.

"काकू, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"जरा पळून बघितलं की कपडे ओले होतात. लघवी थांबवता येत नाही. शिंकले तरी होतं."

"आईला विचारलंस?"

"आईचा फोन कायम स्पीकरवर असतो. बाजूला मामा, आत्या, सगळे चहा घेत बसलेले. त्यांच्यात काय सांगू?"

"आणि निलेश?"

"त्याला वाटतंय मी आळस करायले. वाटू दे."

ती बाळाला थोपटत होती. बाळ केव्हाच झोपलं होतं.

मी म्हटलं, "मलाही होतं."

"कधीपासून?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, धाकटा नोकरीला लागला."

"हो."

"आणि हे कुणाला सांगितलं?"

"तुला. आत्ता."

हसायचं नाही असं ठरलं होतं, पण आधी तीच हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि मी उठून बाळ माझ्याकडे घेतलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं चिंचवडच्या एका फिजिओथेरपिस्टकडे दोघींची नावं नोंदवली. त्या बाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेत; व्यायामानं सुधारतं, लाजून नाही. व्यायाम म्हणजे ते स्नायू आतल्या आत आवळायचे आणि सोडायचे. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे चिंचवडला जाता-येता सिग्नलला आम्ही दोघी गाडीत गंभीर चेहऱ्यानं समोर बघत बसायचो. प्राजक्ता मोटारसायकलवाल्यांकडे नजर टाकून हळूच म्हणायची, "यांना काय कळतंय काकू, आपलं काय चाललंय."

बरेच महिने गेले. मग एका गुरुवारी तिनं बूट घातले.

मी पायथ्याशी बाळाला घेऊन बसले. ती आधी चालत गेली, मग झुडपांपलीकडे पळताना दिसली, मग दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा घामानं निथळत होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोरडी."

एवढंच. मग बाळाला माझ्या मांडीवरून उचललं आणि म्हणाली, "आता तुम्ही."

"मी कुठं?"

"वरच्या कातळापर्यंत. चालत जायचं, घाई नाही. मी बसले इथं."

डोंगर चढून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. साडी वर खोचली आणि निघाले. पहिल्या वळणावर थांबून मागं पाहिलं. ती ओढणीआड बाळाला पाजत बसली होती, आणि मोकळ्या हातानं मला खूण करत होती, जा, पुढं जा.