रबरी सूट, उघडं तळं आणि रविवारचं मटण

माणूस पाण्यात किती वेगाने जातो, हे तो काठावर किती बोलतो यावर अवलंबून नसते. निसर्गाचा हा नियम आमच्या शाहूपुरी सूर्योदय जलतरण व स्नेहवर्धक मंडळाने सर्वसाधारण सभेत बहुमताने फेटाळला. त्यामुळे प्रस्तुत अभ्यास हाती घेणे भाग पडले.

प्रश्न असा होता : टँकमध्ये साध्या चड्डीवर पोहणारा माणूस जास्त वेगवान, की उघड्या तळ्यात रबरी वेटसूट घालून पोहणारा? इतर देशांत असले प्रश्न विद्यापीठे सोडवतात. आमच्याकडे तो संयोगितावहिनींनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारला. विद्यापीठाला मुदतवाढ मिळते, आम्हाला ती नव्हती.

वहिनी म्हणजे आमचे अध्यक्ष विजयसिंह यांच्या पत्नी. विजयसिंहांचे शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचे आणि पाइपांचे दुकान आहे, तर वहिनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. (घरात वाद निघाला की एका बाजूला पाण्याचा अनुभव असतो आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे नियम. नियम जिंकतात.) आता कोल्हापुरात रविवारी सकाळी मटण आणणे हे कर्त्या पुरुषाचे मूलभूत कर्तव्य आहे आणि विजयसिंह वर्षभर त्यात कसूर करत होते. ते पहाटे राजाराम तलावावर जात, दहा वाजता परतत आणि तोवर गुंडूभाऊंच्या मटणाच्या दुकानात मान आणि सहानुभूती एवढेच शिल्लक राहिलेले असे.

"अहो, तळ्यात जोरात पवतासा का टँकात, ते एकदा ठरवा की," वहिनी म्हणाल्या. "टँकात जोर निघत असंल, तर टँक घराच्या मागं हाय. पवायचं आणि सरळ मटणाच्या रांगेत जायचं. तळ्यातच जोर निघत असंल, तर ऱ्हावा तळ्यात. मटण अमरसिंह भावजी आणतील. पण मला पुरावा पायजे."

(अमरसिंह भावजी शाकाहारी नाहीत, पण त्यांनी आणलेले मटण पाहून तशी शंका येते.)

म्हणजे पणाला काय लागले होते, तर विजयसिंहांचे सगळे रविवार. ते त्या संध्याकाळी दुकानात माझ्याशी बोलले. मी मंडळाचा सचिव आहे. म्हणाले, "दिवसभर ह्या दुकानात समोर भिंत, मागं भिंत. तळ्यात तेवढं कायबी आडवं येत न्हाय बघा." मला खरोखर वाईट वाटले. माणूस भला आहे. त्यांनी मला दोन मोटारी विकल्या आणि त्यातली एक अजून चालू आहे.

तर, तुलना.

टँकचे सारे यश भिंतीत असते. दर पंचवीस मीटरला भिंत येते. तिला दोन्ही पायांनी लाथ मारली की माणूस चार-पाच मीटर फुकटात पुढे सरकतो. ज्याचा आधार घेतला त्यालाच लाथ मारून पुढे जाण्याची ही पद्धत सार्वजनिक जीवनात चांगली रुळलेली असल्याने आमच्या सभासदांना ती शिकवावी लागत नाही. शिवाय टँकच्या तळाला काळी रेघ असते, त्यामुळे डोके वापरावे लागत नाही. हीही सोय सभासदांना मानवते.

तळ्यात भिंत नाही आणि रेघही नाही. ही उणीव वेटसूट भरून काढतो. त्याच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे पाय आपोआप वर तरंगतात आणि बुडणारा माणूससुद्धा वेगवान दिसतो. मात्र हा सूट अंगात चढवण्यासाठी दोन माणसे ओढायला, एक धीर द्यायला आणि पायांवर घालायला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या लागतात. (पिशव्यांवरून रबर सटकन वर सरकते. किराण्याची पिशवी उत्तम. सराफाची फाटते.) सूट चढवण्याचा वेळ पोहण्याच्या वेळेत धरायचा नाही, असे अध्यक्षांनी ठरवले, कारण धरला असता तर ते कोरडेच हरले असते. मुळात हा पोशाख थंड पाण्यासाठी आहे. आमच्या तळ्याचे पाणी डिसेंबर-जानेवारीत थोडेफार गार होते, बाकीचे दहा महिने आत माणसाचा तांबडा रस्सा होतो.

पहिली चाचणी टँकमध्ये झाली. दीड किलोमीटरला विजयसिंहांना छत्तीस मिनिटे लागली.

दुसरी तळ्यात, सूट घालून. तितक्याच अंतराला एकेचाळीस मिनिटे. पण विजयसिंहांच्या मनगटावरचे घड्याळ सांगत होते की ते जवळजवळ दोन किलोमीटर पोहले. त्यांनी वाटेत एकदा उजवा काठ गाठला होता आणि एकदा, आमच्या समजुतीप्रमाणे, परत आले होते.

"अंतर जास्त कापलंय, म्हंजे वेग जास्तच की," विजयसिंहांनी घरी मुद्दा मांडला.

"मग मुरगूडला जाऊन या," वहिनी म्हणाल्या. "अंतर आणि वाढंल. अहो, वाकडंतिकडं जाण्याला आमच्या पुस्तकात चाल म्हणत्यात. वेग सरळ मोजत्यात."

दोष सुटात नव्हता, नजरेत होता. उघड्या पाण्यात रेघ नसल्याने पोहणाऱ्याला दर पाच-सहा हातांनंतर डोके वर काढून समोरच्या काठावरची एखादी खूण पाहावी लागते. आमच्या समोरच्या काठावर तीन खुणा होत्या : एक बाभूळ, तशीच दुसरी बाभूळ आणि दात घासणारा एक इसम. विजयसिंहांनी इसम धरला होता. तो चूळ भरायला निघून गेला.

यावर उपाय कृष्णात यांनी सुचवला. कृष्णात हे आमचे सभासद, डिजिटल बोर्ड छापण्याचा त्यांचा धंदा आहे. जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्यांचा उपाय एकच असतो, पण या वेळी तो लागू पडला. "दादांचा बोर्ड लावूया की पलीकडं," ते विजयसिंहांकडे बोट दाखवत म्हणाले. "लांबनं दिसंल."

कोल्हापुरात बोर्डाला निमित्त लागत नाही. वाढदिवस, निवड, बैलाची खरेदी, डेंग्यूतून सुखरूप परत येणे, काहीही चालते. तरीही पोहण्याच्या शास्त्रासाठी लागलेला हा पहिलाच बोर्ड असावा. वीस फूट रुंद. त्यावर सुटातले विजयसिंह हाताची घडी घालून, पाण्याच्या गॉगलवर दुसरा गॉगल लावून उभे. शेजारी ओळ : "तळं कुणाचंबी असू दे, लाट दादांचीच!" खाली शुभेच्छुकांचे बत्तीस चेहरे. (पैकी पोहता येणारे नऊ.)

निकाल : तेहतीस मिनिटे. आणि रेघ मारल्यासारखे सरळ. दर पाच-सहा हातांनंतर विजयसिंह डोके वर काढत, स्वतःला पाहत आणि नव्या जोमाने डोके खाली घालत.

शास्त्रात पडताळणी लागते, म्हणून पुढच्या खेपेला आम्ही त्यांना न सांगता तिथे कृष्णातांचा बोर्ड लावला. आकार तोच, रंग तोच, चेहरा फक्त दुसरा. त्या दिवशी एकोणचाळीस मिनिटे लागली आणि विजयसिंहांच्या डाव्या खांद्यात उसण भरली. मंडळाच्या अभ्यास समितीला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

ही बातमी फुटली आणि पंधरवड्यात तळ्याच्या काठावर अकरा बोर्ड उभे राहिले. मंडळाचा सरासरी वेग इतका वाढला की आजऱ्याच्या एका क्लबाने आमच्याकडे आहाराबद्दल चौकशी केली. (आहारात काही नव्हते, रविवार सोडून.) थोडी अडचण झाली ती अशी की, बोर्ड ज्येष्ठतेप्रमाणे लावले होते आणि पोहणारे उतरायचे हजेरीप्रमाणे, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या बोर्डाकडे निघाला की पाण्याच्या मधोमध सगळे एकमेकांना आडवे जात. पण ते पाण्याबाहेरही जातात. तक्रार आली नाही.

आता उरली अंतिम चाचणी. वहिनींनी स्पष्ट सांगितले होते, "तुमचं कागद नगंत. माझ्या डोळ्यांदेखत पवून दावा. छत्तीसच्या आत आलासा, तर रविवार तुमचं."

जानेवारीतल्या एका रविवारी त्या घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन काठावर बसल्या. विजयसिंह रात्रभर झोपले नव्हते. मी घड्याळ दाबले आणि ते निघाले. इतके सुरेख पोहताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. अर्धे अंतर पार झाले तेव्हा ते अडीच मिनिटांनी पुढे होते. वहिनी चहा ओतायच्या थांबल्या होत्या.

त्याच वेळी समोरच्या काठावर अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाचा टेंपो आला. तळ्यावर विनापरवाना बोर्ड लागल्याची तक्रार गेली होती. (तक्रारदार आमचेच एक सभासद. त्यांना बोर्डाची जागा बाभळीमागे मिळाली होती. नाव देत नाही, कारण ते हे वाचणार आहेत.) पथकाने सर्वांत मोठा, म्हणजे विजयसिंहांचा बोर्ड आधी काढला. तो आडवा मावेना, म्हणून टेंपोत उभाच ठेवला, दोरीने बांधला, आणि टेंपो काठाच्या रस्त्याने डावीकडे निघाला.

विजयसिंहांनी डोके वर काढले. आपण डावीकडे चाललो आहोत, असे त्यांना दिसले. एखादा लेचापेचा माणूस थांबून विचार करत बसला असता. विजयसिंह वळले.

आम्ही या काठावरून हाका मारल्या, पण कानांवर रबरी टोपी होती. टेंपोने वेग घेतला. त्यांनीही घेतला. माझ्या घड्याळाप्रमाणे मंडळाच्या इतिहासात पाण्यातून इतक्या वेगाने कोणी गेलेले नाही, फक्त ते भलतीकडे चालले होते. तळे संपले तेव्हा ते बाहेर आले आणि तशाच सुटात, अनवाणी, रस्त्याने टेंपोमागे पळू लागले. पुढे उसाची ट्रॉली आडवी होती म्हणून टेंपो थांबला. नाहीतर हा अभ्यास आज कुठे पोहोचला असता, सांगता येत नाही.

वहिनी आधी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी स्कूटर काढली. मी मागे बसलो.

पथकाचा प्रमुख वहिनींचा जुना विद्यार्थी निघाला. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, बोर्ड बेकायदेशीर हाय."

"बोर्ड आसंल," वहिनी म्हणाल्या. "बोर्डावरचा माणूस माझा कायदेशीर हाय. उतरव."

विजयसिंह रस्त्याकडेच्या दगडावर धापा टाकत बसले होते. अंगातून पाणी गळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "किती लागली?"

मी म्हणालो, "अंतर पुरं झालं नाही, दादा. वेळ धरता येत नाही."

"म्हंजे गेलं म्हणा रविवार," ते हळूच म्हणाले. वहिनींनी बोर्डाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, पुन्हा बोर्डाकडे पाहिले.

"मी बघतो की," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तो बोर्ड गुंडूभाऊंच्या मटणाच्या दुकानात, आतल्या भिंतीवर, रीतसर मालकाच्या संमतीने लागलेला होता. घडी घातलेले हात, दोन गॉगल, सारे तेच. भिंतीवर मावावा म्हणून बत्तीस शुभेच्छुक कापले होते आणि लाटेच्या ओळीवर नवी पट्टी चिकटवली होती : "आमचे पहिले गिऱ्हाईक."

तेव्हापासून विजयसिंह दर रविवारी झुंजूमुंजू असतानाच दुकानासमोर हजर असतात. लिहिले आहे ते खोटे पडू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. पहिल्यांदा गुंडूभाऊच उशिरा आले, त्यांना विजयसिंहांनी दोन शब्द सुनावले. पहिला वाटा, हवी ती चाप, कलेजी वेगळी. उजाडायला मटण घरात. मग शिजायला वेळ लागतोच, तेवढ्यात वहिनी स्वतः म्हणतात, "जावा आता तळ्यावर. दहाच्या आत या." रविवार वाचला. तळ्याच्या काठावर आता एकही बोर्ड नाही. विजयसिंह पूर्वीसारखेच वाकडेतिकडे पोहतात, आणि मी त्यांना इतके खूश कधी पाहिले नव्हते.

समितीचा निष्कर्ष : टँक छत्तीस, तळे व सूट एकेचाळीस, तळे, सूट व स्वतःचा चेहरा तेहतीस. सर्वाधिक वेग जमिनीवर, चपला घालून, हातात पिशवी असताना.

हा निष्कर्ष जनतेसमोर यावा म्हणून मंडळ एक बोर्ड काढत आहे. (जागा खासगी, परवाना घेतला आहे.) त्यावर हा अहवाल शेवटपर्यंत वाचणाऱ्यांचे फोटो शुभेच्छुक म्हणून घ्यायचे ठरले आहे. आपण म्हणाल, छे, आपल्याला असले आवडत नाही. आजवर ज्या ज्या वाचकांना विचारले, त्यांनी अगदी हेच सांगितले, आणि थोडे थांबून सगळ्यांनी एकच चौकशी केली : वरच्या रांगेत का खालच्या? तर वरची रांग भरली आहे. खालच्या रांगेत डावीकडून तिसरी जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. फोटो कुठला पाठवायचा, ते आपल्या मनात आलेच आहे. तोच पाठवा.