यादीतल्या दोन विठा

नात प्राचीचं लग्न झालं, त्याच वर्षी अंबरनाथ नगरपालिकेची निवडणूक लागली. बुवापाड्याच्या शाळेत विठा भोईर मतदार कार्ड घेऊन टेबलापुढे उभी राहिली. पंचाहत्तरी गाठली, पण तिनं आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं.

यादीत मात्र विठा भोईर दोन निघाल्या. वय एकच, दोन्ही फोटो काळेकुट्ट, फक्त नवरे वेगळे. हातातलं कार्डही झिजून कोरं झालेलं.

"आजी, नवऱ्याचं नाव सांगा," केंद्राध्यक्ष संजीवनी मॅडम म्हणाल्या.

"बाय, लग्नाला साठ वर्षं झाली. अजून नाय घेतलं."

"अहो, हिरामण!" एका उमेदवाराचा प्रतिनिधी सनी मदतीला धावला.

"ऑब्जेक्शन!" समोरच्याचा प्रतिनिधी चंदू ताडकन उठला. "हिरामण तर ह्याच्याच उमेदवाराचं नाव! मॅडम, हा केंद्रात प्रचार करतोय!"

मॅडमनी पुस्तिका चाळली. आयोगाचा माणूस कुणाचाच नसतो, हे प्रशिक्षणात त्यांना तीनदा बजावलं होतं.

"उमेदवाराचं नाव इथे कुणीही घ्यायचं नाही," त्यांनी निकाल दिला.

आता विठाला रिवाज बोलू देईना आणि इतरांना नियम. रांग मैदानापर्यंत गेली. मत हातचं जातंय, हे विठाला कळलं.

"बाहेर बसलेत ते. बोलवा की," ती म्हणाली.

हिरामण काठी टेकत आला. आपलं नाव त्यानं ठणकावून सांगितलं. चंदूनं त्यावरही हरकत लिहून घ्यायला लावली.

"ह्या तुमच्या पत्नी? नाव काय यांचं?" मॅडमनी विचारलं.

म्हातारा लाजला. "मी कुठं नाव घेतो? 'अगो' म्हटलं की येते."

सनीनं कपाळाला हात लावला. विठा मात्र नवऱ्यावर उसळली. "उन्हात बसू नका सांगितलेलं ना? गोळी घेतली? खिशात ठेवलीय. आणि तोंड पुसा आधी!"

हिरामणनं निमूट तोंड पुसलं.

मॅडमनी दोन्ही प्रतिनिधींकडे पाहिलं. दोघंही लग्न झालेले. कुणाचीच हरकत आली नाही. 'चौकशी केली, ओळख पटली,' असं लिहून त्यांनी विठाच्या बोटाला शाई लावायला सांगितली.

पुढच्या मार्चमध्ये यादी दुरुस्त करणारी बाई घरी आली.

"कुणाचं नाव वगळायचंय, आजी?"

सून सांगायला पुढे झाली. विठानं तिला हातानं थांबवलं.

"हिरामण गोविंद भोईर," ती म्हणाली. "नऊ फेब्रुवारीला गेले. सोमवारी."