कल्लाप्पा अण्णांचा पेला

शहापूरच्या आमच्या गल्लीत कुणाकडेही चहा असला की कल्लाप्पा अण्णा पिशवीतून स्वतःचा पेला काढायचे. लग्नात ताट-वाटीसुद्धा घरची आणि बसायचं पंगतीच्या टोकाला. भीती एकच, एचआयव्हीची. कुणी हात पुढं केला की लांबूनच नमस्कार. वर म्हणायचे, "रोग सांगून येत न्हाय."

मागावर साड्या विणणारा हा धिप्पाड माणूस डासाला मात्र टरकायचा. एकदा आमच्याकडे त्यांना डास चावला. पंचा घेऊन अण्णा त्याच्यामागं थेट स्वयंपाकघरात घुसले. दूध सांडलं, पण डास मेल्यावरच ते बसले. सगळी गल्ली अजून त्यावर हसते.

मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळं राखी अण्णांनाच. तीही ते बांधू देत नसत. हातात घेऊन, दातांनी ओढून स्वतःच गाठ मारत. माझ्या लेकीचं उष्टावण ठरलं, तेव्हा मामा म्हणून पहिला घास भरवायचा मान त्यांचाच होता. निरोप गेला आणि अण्णा आमच्या दारात येईनासे झाले. मी तडक त्यांचं घर गाठलं.

चहा पिऊन ते मोरीकडे निघाले होते. एका हातात पेला, दुसऱ्या हातात राख. रोगाला भिणारा माणूस भांडं पिण्याआधी धुतो. अण्णा नेहमी प्यायल्यावर घासत बसायचे. त्यांचं उष्टं कुणाला लागायला नको होतं, त्यांना चावलेला डास पुढं कुणाला चावायला नको होता. हे उमगलं आणि मी विचारलंच.

"अण्णा, तुम्हाला झालाय?"

"ठावं न्हाय गं. तपासायचं धाडसच झालं न्हाय."

मग हळूहळू सांगू लागले. धाकटा भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत होता. त्याच रोगानं गेला. जवळ कुणी फिरकेना, तेव्हा अण्णांनीच त्याला पेज भरवली. उरलेली टाकवेना, म्हणून स्वतः प्यायली.

"त्याचं उष्टं खाल्लंय मी. त्याच हातानं तुझ्या पोरीला कसा घास भरवू?"

उष्ट्यानं, डासानं, शिवल्यानं हा रोग होत नाही. मी शाळेत मुलांना शिकवते तेच त्यांना सांगितलं. तुम्हाला असला, तरी घास भरवल्यानं पोरीला होणार नाही, असंही म्हटलं. ते मान हलवत राहिले. शेवटी मी त्यांच्या हातातला पेला ओढला आणि तळाशी उरलेला घोटभर चहा पिऊन टाकला. अण्णांनी पेला हिसकावून घेतला, पण तो रिकामा होता.

उष्टावणाला ते आले. तपासणीला सोमवारी जायचं आम्ही ठरवलं होतं, पण घास त्याआधीच होता. आमच्यात सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवतात. बोट लागू नये म्हणून अण्णांनी अंगठी इतकी टोकाला धरली की अर्धी खीर त्यांच्याच धोतरावर सांडली. पोरीनं अंगठी सोडली आणि त्यांचं बोटच तोंडात धरून चोखू लागली.

अण्णांचे डोळे भरून आले. बोट मात्र त्यांनी काढून घेतलं नाही.