इंदुमतीबाईंनी दक्षिणी नाद साधिला त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. ज्याने तारेच्या ठायी कंप ठेविला आणि लोहचुंबकास तो ऐकावयाचे कान दिले, त्या कर्त्यास दंडवत करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सर, ते साली घाटाखाली एक राज्य नांदत होते. मुलूख म्हणजे तालमीची पत्र्याची खोली, फौज म्हणजे वाजविणारी चार मनुष्ये, परंतु मान थोर, आणि गादीवर इंदुमतीबाई सरनोबत. बाईंच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आणि मनी एकच ध्यास, की अमेरिका नामे मुलखाचे दक्षिण प्रांती पन्नास वर्षांमागे रॉक संगीताची जी चाल निघाली, ज्यात दोन गिटारी सख्ख्या बहिणींसारख्या जोडीने गातात आणि आवाज उन्हात तापल्या लाकडासारखा ऊबदार येतो, तो नाद आपले राज्यी आणावा. जोडीची दुसरी गिटार हणमंतराव शेलार वाजवीत, ड्रम दौलत नदाफ यांजकडे, आणि बेस गिटार बाईंचे दीर विनायकराव यांजकडे.

ऐसे असता दसऱ्याचा संगीतमेळा तोंडावर आला, आणि वरघाटचे तुकोजीराव भापकर, ज्यांच्या वाजविण्याने मांडवाचे खांब हालत ऐशी ख्याती, तेही येणार ऐसे वर्तमान आले, आणि नेमका तेच समयी बाईंच्या गिटारीचा पिकअप गेला. पिकअप म्हणजे तारांखाली बसविलेले चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, ते तारांचा कंप वेचोन ॲम्प्लिफायरकडे पाठविते. ती बारीक तार आत तुटली आणि गिटार मुकी जाहली. बाई दिलगीर होऊन बसल्या असता हणमंतराव पुढे आले आणि हळूच बोलिले, “बाईसाहेब, राग मानू नये. भापकरांचे बोलावणे आले आहे. मेळा वाजवून देतो, मग जाईन म्हणतो.”

बाईंनी विचारिले, “आमचेकडे काय उणे पडले?”

“उणे काही नाही. पण आपण जोडीने वाजवितो तेव्हा माझा सूर माझ्याच कानी येत नाही. माझा ॲम्प्लिफायर वाढविला तर नुसता चिखल होतो. लोकांस वाटते, हा माणूस उगाच उभा आहे.”

बाई मानी. आर्जव करणे त्यांचे रक्तात नव्हते. “मेळा होऊ द्या, मग पाहू,” इतकेच बोलिल्या, परंतु बोल काळजात रुतला, आणि आपले राज्यातून मनुष्य उठोन जावे ही गोष्ट त्यांस अन्न गोड लागू देईना.

मग शहरातून तीन तऱ्हेचे पिकअप पारखावयास आणविले आणि बाईंनी स्वहस्ते सोल्डर करोन एकामागून एक बसविले. पहिला बळकट, चुंबक जबर आणि तारेचे वेढे बहुत. वाजविताच खिडकीची तावदाने थरारली आणि दौलतभाई खुशाल होऊन म्हणाले, “हाच घ्या. भापकर कानात बोटे घालतील.” दुसरा तारेच्या एकेरी गुंडाळीचा, सूर झऱ्यासारखा निर्मळ, परंतु जवळ दिवे लागताच भुंगा गुणगुणावा तैसा घूंकार उठे, आणि मेळ्याचे मांडवात तर दिव्यांची माळच असणार. तिसरा जुन्या तऱ्हेचा, दोन गुंडाळ्यांची जोडी करोन भुंगा मारिलेला, परंतु चुंबक सौम्य आणि वेढे थोडके. तो वाजविला तो आवाज इतका नरम, की विनायकराव हसले आणि दौलतभाई म्हणाले, “वहिनी, वाघ आणावयास गेलो आणि मांजर घेऊन आलो.”

बाईही खट्टू जाहल्या आणि पहिलाच पुन्हा बसवावा म्हणोन पेच सोडवू लागल्या. तो दृष्टी हणमंतरावांकडे गेली. ते कोपऱ्यात आपली गिटार पिशवीत घालीत होते, आणि या सगळ्या पारखीत त्यांस कोणी एक सूर वाजवावयास सांगितला नव्हता. बाईंचा हात थांबला. आपण एकटीच वाजवोन एकटीपुरते निवडितो आहो, हे त्यांचे ध्यानी आले. मग पेच पुन्हा आवळिले, ॲम्प्लिफायर चढविला, आणि म्हणाल्या, “हणमंतराव, पिशवी राहू द्या. जोडीची चाल धरा.”

त्यांनी धरिली. आणि चढविलेल्या ॲम्प्लिफायरातोन तो नरम सूर पिकोन आला, कडेस किंचित खरखर, आत मध, आणि तो जागा अडवीना म्हणोन त्याचे वरचे अंगास हणमंतरावांचा सूर उभा राहिला, वेगळा, स्वच्छ, जणू दोन पक्षी एकाच वाऱ्यावर. बाईंनी गिटारीवरील आवाजाची कळ थोडी उतरविली तो आवाज निर्मळ जाहला, पुन्हा चढविली तो गुरगुरला. हणमंतराव वाजवीत राहिले. त्यांचे डोळे भरोन आले होते, तरी बोट चुकले नाही. दौलतभाई काठ्या खाली ठेवोन म्हणाले, “मांजर म्हटले ते मी मागे घेतो.”

मेळ्याचे दिवशी भापकरांनी दुपारी मांडव हालविला आणि लोकांनी टाळ्याही दिल्या. मागोन बाई व हणमंतराव उभे राहिले आणि जोडीची चाल सुरू जाहली, आणि मागील रांगेतील बोलणारी माणसे बोलता बोलता थांबली, कारण दोन्ही सूर तेथवर निरनिराळे पोचत होते. हणमंतरावांची एकट्याची पाळी आली तेव्हा बाईंनी आपली कळ उतरवोन त्यांस वाट दिली, आणि लोक त्यांचे नावाने ओरडले. ते समयी बाईंची मान जितकी ताठ होती, तितकी स्वतःचे टाळ्यांस कधी जाहली नव्हती.

उतरल्यावर तुकोजीराव स्वतः आले, आधी बाईंस मुजरा केला आणि मग विचारिले, “हणमंतराव, आमचेकडे केव्हा येता?”

हणमंतराव तारा पुसत होते. ते बोलिले, “येईन की. बाईसाहेबांबरोबर, ऐकावयास.”

एवंच, घाटाखालील राज्यी दक्षिणी नाद आला तो सौम्य चुंबकाने आला, आणि जोडी अभंग राहिली. बाईंची कीर्ती वरघाटीही जाहली. जैसे घडले तैसे लिहिले, सुरात उणे असेल ते ऐकणारांनी पुरे करावे.